तीन वाटण्यांची दुर्बीण

नवी दुर्बीण घेणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा, की भाऊ नसावेत. असलाच तर एक असावा आणि तो परगावी असावा. आरसा केवढा, पाय कसले, आयपीस कुठलं, हे सगळं नंतर शिकता येतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बावीस वर्षं झाली. दुकानाच्या कोपऱ्यात मालकांनी दोन-चार दुर्बिणी मांडून ठेवल्यात, त्यामुळे आठवड्याला एखादं तरी गिऱ्हाईक येतं आणि "किती पट मोठं दिसतं हो?" असं विचारतं. मालक समोर असले तर मी गोड बोलते. नसले तर सांगते, की पटीचा आकडा खोक्यावर छापायला शाईशिवाय काही लागत नाही. पायाला हात लावून बघा. डगमगला की दुर्बीण परत ठेवा आणि घरी जा. लोकांना राग येतो. येऊ दे.

हे मला अप्पांनी शिकवलं. अप्पा म्हणजे माझे वडील, कारखान्यात टर्नर होते. त्यांची दुर्बीण विकतची नव्हती. सहा इंचांचा आरसा त्यांनी बाल्कनीत पिंपावर ठेवून दोन हिवाळे घासला. दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा शाळेत होता. पिंपाभोवती गोल गोल फिरत तोही घासायचा. नळी पत्र्याची, चार फूट लांब. स्टँड लोखंडी पाइपचा, आणि त्यातल्या बेअरिंगा, जुन्या झिजल्यावर, धाकट्या भावाने नोकरीच्या पहिल्या वर्षी भंगारात निघालेल्या लिफ्टमधून काढून आणलेल्या. तो लिफ्टच दुरुस्त करतो. आयपीस म्हणजे जिथे डोळा लावायचा ते भिंग. ती तीन होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दमट हवेत त्यांच्यावर बाष्प धरतं, म्हणून अप्पा न लागणारं आयपीस माझ्या मुठीत द्यायचे. गच्चीवर माझं काम एवढंच, मूठ उघडायची नाही.

अप्पांना जाऊन महिना झाला तेव्हा वाटणीला बसलो. दोघा भावांचं आधीच बिनसलं होतं. अप्पांच्या आजारपणात कुणी किती रजा काढली, यावरून दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दादा म्हणाला, आरशात माझा घाम आहे, नळी माझी. धाकटा म्हणाला, बेअरिंगा माझ्या, स्टँड माझा. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. धाकट्याने पाना काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, नळी स्टँडवरून सोडवली.

तुला काय हवं, असं मला कुणी विचारलं नाही. वहिनीने कप तेवढे उचलायला सांगितले. कप ठेवायला आत गेले तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातला बिस्किटांचा डबा मी उचलला आणि पिशवीत टाकला. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. दाराच्या बाहेर आई खुर्चीत बसून विणत होती, टाके मोजत होती.

नळी उजेड गोळा करते, स्टँड तो धरून ठेवतो, आयपीस तो डोळ्यापर्यंत आणतं. तिन्हींतलं एक नसलं की उरलेली दोन अडगळ. आमची वाटणी इतकी चोख झाली, की तिघांच्याही वाट्याला अडगळच आली.

सहा महिन्यांनी आईला टाके दिसेनासे झाले. ती दादाकडे राहते, पण डोळ्यांचं खातं माझं, म्हणून डॉक्टरकडे मी घेऊन गेले. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाला होता, तो कामातून गेलेला. डाव्याला सुरुवात होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की डावा दोन महिने टिकेल, कदाचित चार, पण भरवसा धरू नका. बाजूचं दिसत राहील. समोरचं जाईल.

आईने ते ऐकलं होतं. आजवर तिने दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. अप्पा दर वर्षी म्हणायचे, ये वर, शनी बघ, त्याची कडी बघ. ही खालून ओरडायची, माझी साडेसाती घरातच आहे, वर कशाला शोधू. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला.

"चाळीस वर्षं तो माणूस संध्याकाळ झाली की वर जायचा," ती म्हणाली. "माझी सवत दिसते तरी कशी, एकदा बघू दे. डोळा जायच्या आत."

शनी तेव्हा संध्याकाळी पश्चिमेला होता आणि रोज थोडा खाली उतरत होता. दोनेक महिन्यांत सूर्यामागे जाणार, पुन्हा दिसणार तो पहाटे, आणि संध्याकाळी यायला आणखी अर्धं वर्ष. म्हणजे शनीलाही दोन महिने आणि डोळ्यालाही दोन महिने. हे मी दोन्ही भावांना त्याच दिवशी फोन करून सांगितलं. डब्याचं सांगितलं नाही.

माझा हिशोब साधा होता. आधी या दोघांनी नाक घासत एकमेकांकडे जावं. नळी आणि स्टँड एकत्र आले, की मग दोघे माझ्याकडे वळतील, म्हणतील, आयपीस तुझ्याकडे असतील का गं? तेव्हा मी डबा काढीन. जन्मात एकदा तरी दोघांनी माझ्याकडे काहीतरी मागावं, एवढंच मला हवं होतं.

ते मागायला नाही, सल्ला विचारायला आले, तोही एकमेकांशिवाय कसं भागवायचं याचा.

दादाने ताकाला जाऊन भांडं लपवलं. तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघताना दारात विचारलं, की फोटोच्या तिपाईवर नळी बसेल ना? मी म्हटलं, नऊ किलोची नळी आहे, तिपाई दोन किलोच्या कॅमेऱ्यासाठी असते, बसेल पण थरथरेल. धाकट्याकडून स्टँड माग. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही, म्हणाला. तिपाई आणली, पट्ट्यांनी नळी बांधली आणि मला बघायला बोलावलं. शेजाऱ्याने गच्चीचं दार लावलं तर चंद्र इकडून तिकडे नाचला. बोळातून बघावं तसा तो नळीतून बघत होता, कारण आयपीस नव्हतंच, भोकातून चंद्राचा नुसता उजेड दिसत होता. पण आधी तिपाईला नावं ठेवून झाली, मग कंपनीला, मग गच्चीला. नाचता येईना अंगण वाकडं.

धाकट्याने दुसरी तऱ्हा केली. त्याने खोक्यातली दुर्बीण विकत आणली. खोक्यावर सहाशे पंच्याहत्तर पट लिहिलं होतं. मी खोकं बघूनच हात जोडले. अप्पांच्या स्टँडवर त्याच्या घरी झाडाची कुंडी ठेवलेली होती, पानांवर धूळसुद्धा नव्हती, इतकी निगा. मी म्हटलं, कुंडी काढ आणि स्टँड दादाकडे पोचव. तो म्हणाला, दादाने येऊन न्यावा, आणि नेताना रजांचं काय ते बोलावं.

तरी मी शिकवलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना शिकवते, भावाला न शिकवून कसं चालेल. सांगितलं, की नळीवर जी छोटी दुर्बीण असते ती आधी दिवसाढवळ्या जुळवून घे. लांबच्या टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध आण, मग छोटीचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मधोमध आण. अंधारात हे करायला बसशील तर बसशीलच. आणि आयपीसवरचा मोठा आकडा म्हणजे लहान चित्र. आधी मोठ्या आकड्याचं लाव, वस्तू सापडू दे, मग लहानाकडे जा. त्याने मान डोलावली आणि नेमकं उलट केलं. सगळ्यात लहान आकड्याचं लावून आईला आपल्या गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवलं. तासभर आई काळं कापड बघत बसली. पायाला धक्का लागला की कापड हलायचं, एवढंच.

"छान आहे," आई त्याला म्हणाली. मला खाली आल्यावर म्हणाली, "याच्यापेक्षा डोळे मिटून जास्त दिसतं."

तेव्हाच मी डबा काढायला हवा होता. पण मी रागात होते, आणि खरं सांगायचं तर मजेतही होते. दोघे तोंडघशी पडत होते आणि त्याचं कारण माझ्या कपाटात होतं.

मग दादाने बाजारातून दोन नवी आयपीस आणली. ती नळीत बसेनात. अप्पांनी आयपीस धरायची खोबण स्वतः लेथवर कातलेली, तिचं माप जगात फक्त त्यांच्या तीन आयपीसना लागू. नवी सैल बसायची, पडायची. दादाने त्यांना चिकटपट्टी गुंडाळली, तर ती तिरकी बसली. चिडून त्याने मला फोन केला.

"अप्पांची आयपीस होती ना डब्यात? गेली कुठे?"

मी माझ्या कपाटाकडे बघितलं.

"त्याने ढापली असणार," दादा म्हणाला. "स्टँडबरोबर तीही नेली. त्यानेच ना?"

"असेल," मी म्हटलं.

एकच शब्द. तो मी आजपर्यंत कितीदा मनात परत घेतला, पण बोललेला शब्द असा परत येत नाही. दादाने धाकट्याला फोन करून चोर म्हटलं. धाकट्याने त्याला खोटारडा म्हटलं. मग अप्पांचं आजारपण निघालं, रजा निघाल्या, कुणी कुणाच्या लग्नात काय म्हटलं ते निघालं. धाकटा माझ्याकडे रडत आला. मोठा माणूस, चाळिशी उलटलेला, हातांना ग्रीसचा वास. म्हणाला, ताई, मी डब्याला हात लावला नाही, तू तरी मान. मी मानलं. मला मानावंच लागणार होतं. डबा त्याच्या पाठीमागच्या कपाटात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख उजेड पडला होता, तरी मी त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

यात तीन आठवडे गेले. दादाच्या गच्चीवरून संध्याकाळी शनी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर दिसायचा, तो टाकीच्या बरोबरीला आला.

पुढच्या इंजेक्शनला गेलो तेव्हा आई टॅक्सीत बसल्या बसल्या म्हणाली, की दादाने खिडकीचं ग्रिल बदललं वाटतं, गज वाकडे आहेत. ग्रिल कुणी बदललं नव्हतं. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली म्हणजे काय, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं.

आईला घरी सोडून मी माझ्या कपाटातला डबा पिशवीत टाकला आणि तशीच धाकट्याकडे गेले. त्याला काही बोलू न देता कुंडी उचलून जमिनीवर ठेवली. माती सांडली, त्याची बायको बोलायला लागली, मी ऐकलं नाही. "टेंपो बोलाव," मी म्हटलं, "आणि पाना घे." माझ्या तोंडाकडे बघून त्याने बोलावला.

दादाच्या दारात दोघे समोरासमोर आले. चोर आला का, असं दादाने विचारलं. धाकट्याने स्टँड जिन्यातच सोडला, तो माझ्या पायावर पडता पडता राहिला. मी दोघांनाही सांगितलं, की भांडण नंतर करा, आईकडे नंतर नाही. स्टँड वर चढला. नळी वर चढली. दोघांनी एकमेकांकडे न बघता बोल्ट आवळले. त्या बेअरिंगांवर नळी बसली आणि बोटाच्या धक्क्याने फिरली, आणि जिथे सोडली तिथे थांबली.

मी नळीच्या तोंडातून आत बघितलं. आरशावर गोल गोल ओरखडे होते.

"वहिनी, आरसा कुणी पुसला?"

वहिनी म्हणाली, धूळ होती, काच पुसायच्या फवाऱ्याने आणि कागदाने पुसला, चांगला चकचकीत केला. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा वरच्या बाजूला असतो. घरच्या आरशासारखा काचेमागे नसतो. त्याला कागद लावणं म्हणजे अप्पांचे दोन हिवाळे खरवडून काढणं. धूळ असली तर असू द्यावी, ती काही खात नाही. हे मी वहिनीला इतक्या शब्दांत सांगितलं नाही, यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलं. दादा मधे पडला, धाकटा दादावर गेला. दिवेलागणीची वेळ, आकाश अजून जांभळं, आणि गच्चीवर आम्ही चौघं एकमेकांवर भुंकत होतो. आई खुर्चीत बसून होती. शनी टाकीच्या डाव्या कडेला टेकत आला होता.

"आता यात लावणार काय?" दादा म्हणाला. "आयपीस तर याने..."

मी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

धाकट्याने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. जो शब्द दादा गेले तीन आठवडे धाकट्याला लावत होता तो आता कुणाला लावायचा, हे त्याला कळत नव्हतं.

"तुझ्याकडे होती," धाकटा म्हणाला.

"हो."

"मी तुझ्या घरी येऊन रडलो."

"हो," मी म्हटलं आणि पंचवीसचं आयपीस खोबणीत बसवलं. ते चपखल बसलं. अप्पांची नळी बाराशे मिलिमीटरची, बाराशेला पंचवीसने भागलं की अठ्ठेचाळीस पट. शनीची कडी दिसायला एवढी पुरते, सहाशे पंच्याहत्तर लागत नाही. मी नळीचं टोक टाकीकडे वळवलं, चित्र स्पष्ट करायची चाकी फिरवली आणि शनी आत आला. ओरखड्यांमुळे भोवती धुरकट वलय होतं, खाली असल्यामुळे तो पाण्यात पडल्यासारखा हलत होता, पण होता. पिवळसर, एवढासा, आणि त्याला कडी. चाळीस वर्षं जशी होती तशी. मला रडू आलं ते मी नळीवर पडू दिलं नाही.

खुर्ची पुढे ओढून आईचा डावा डोळा आयपीसला लावला. स्टँडला हात लावू नकोस, एवढं सांगितलं. ती बघत राहिली. दोघं भाऊ मागे उभे होते. अर्धं मिनिट गेलं असेल.

"मधे काही नाही," आई म्हणाली. "कडेने उजेड आहे. मधे भोक पडलंय."

अंधूक तारा असला की अप्पा म्हणायचे, त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा शेजारी बघ, मग तो दिसतो. मी तेच आईच्या कानाशी सांगितलं. सरळ नको, डावीकडे बघ, त्याच्याकडे बघतच नाहीस असं कर. तिने डोळा फिरवला. मान आखडेपर्यंत प्रयत्न केला.

"आहे," ती म्हणाली. "लांबट आहे काहीतरी. तांदळाएवढं." मग थोड्या वेळाने, "कडी नाही दिसत."

मी दहाचं लावलं. हातात घेतलं तर ते गार होतं, मी मुठीत धरून ऊब दिली आणि मग लावलं. तांदूळ थोडा मोठा झाला, धुराळला, आणि मग टाकीमागे गेला. आई तरी बघत होती. गेला, असं मी सांगितल्यावरच तिने डोळा काढला.

धाकट्याने पाना उचलला. दादाने त्याला नको म्हटलं, राहू दे जोडलेली. धाकट्याने पाना खिशात ठेवला. दोघांपैकी कुणीही माझ्याशी बोललं नाही, आणि दोघे एकत्रच जिना उतरून गेले. मला जे करायचं होतं ते झालं होतं म्हणायचं, दोघे माझ्यामुळे एका बाजूला आले होते.

गच्चीवर मी आणि आई उरलो. मी आयपीस पुसलं नाही, फुंकर मारली, टोपणं लावली आणि एकेक डब्यात ठेवायला लागले. पुढचा शनी अर्ध्या वर्षाने, मी म्हटलं, तोपर्यंत आरशाला नवा मुलामा चढवून आणीन, इंजेक्शनांनी फरक पडेल. आई माझ्या आवाजाच्या थोडं बाजूला बघत होती. आता ती सगळ्यांकडे तसंच बघते.

"कपाटातून डबा उचललास ना तू," ती म्हणाली, "मी दारातून बघत होते. टाके मोजता मोजता बघितलं. तेव्हा मला सगळं दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, आणशील तू."

मी डब्याचं झाकण लावलं. ते घट्ट बसत नव्हतं, दोनदा दाबावं लागलं. मग तिचा हात धरला आणि एकेक पायरी सांगत तिला खाली नेलं.